गुडघे कुठं ठेवायचे?

आमच्या उमरीच्या घरात माजघराच्या दाराला, वरच्या चौकटीवर, वाकळीची एक जाड घडी खिळ्यांनी ठोकलेली आहे. नवा पाहुणा आला की हमखास विचारतो, "हे काय लावलंय?" दृष्ट लागू नये म्हणून असेल, देवाधर्माचं काही असेल, असे अंदाजही होतात. खरी गोष्ट साधी आहे. मी अकरावीत असताना त्या चौकटीवर एका महिन्यात तीनदा कपाळ फोडून घेतलं. तिसऱ्यांदा जखमेवर हळद दाबत माय म्हणाली, "दार काही वर जात नाही अन् तू काही खाली येत नाहीस. मग मधात काहीतरी लावावं लागतं बाबा." त्याच दुपारी तिनं जुनी वाकळ कापली आणि सुताराकडून ठोकून घेतली. माय जाऊन बरीच वर्षं झाली. घडीचं कापड आम्ही दोनदा बदललं. घडी मात्र जागेवर आहे.

माझी उंची सहा फूट सहा इंच, म्हणजे १९८ सेंटिमीटर. कापसाच्या मोंढ्याच्या गावात एवढी उंची म्हणजे फुकटची प्रसिद्धी. शाळेत मी 'बांबू' होतो, कॉलेजात 'लंबू'. १९९७ साली मुंबईचा साडेसहा फुटी गोलंदाज ॲबी कुरुविला भारताकडून कसोटी खेळला आणि गल्लीतली पोरं मला 'कुरुविला' म्हणायला लागली. मी एका आडतीवर पस्तीस वर्षं मुनीम होतो, हातात कधी चेंडू धरला नाही. पण नाव बरं वाटलं. पुण्याच्या शरद आणि संजोत कुलकर्णी यांची लिम्का बुकात देशातलं सर्वांत उंच जोडपं म्हणून १९८९ साली नोंद झाली. ते सात फुटांच्या वर, त्या सहा फुटांच्या वर. ही बातमी मी मायला वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "बघ, तुझ्याहून मोठी माणसं हायेत जगात. त्यांच्या घरी वाकळ केवढी लागत असंल!"

तसा उंच माणसाचा गावाला उपयोग असतो. शेजारच्या घरातला माळ्यावरचा डबा काढायचा, लग्नाच्या मांडवाची झालर बांधायची, देवळातला बल्ब बदलायचा, की हाक मलाच. लोकांना माझं डोकं कुठवर जातं तेवढंच दिसतं. पण उंच माणसाची खरी अडचण डोक्याची नसतेच. डोकं वाकवता येतं. प्रवासाला निघालं की प्रश्न पडतो तो हा, की गुडघे कुठं ठेवायचे?

जमिनीवरची ढील

एसटीत या प्रश्नाचं उत्तर मी कॉलेजात असतानाच शोधून काढलं होतं. शेवटच्या लांब बाकावरची मधली जागा. समोर सीट नाही, येण्याजाण्याची वाट आहे. पाय तिथं सोडायचे. खड्डा आला की मागच्या बाकावरचा माणूस टपाला लागेल इतका उडतो, तेवढं सोसायचं. उमरी-नांदेड गाडीचे जुने कंडक्टर मला पाहिलं की आत ओरडायचे, "ओ, मधली जागा सोडा, मुनीमजी आले." जागा सोडणाऱ्यानं कधी कुरकुर केली नाही.

रेल्वेत बर्थ जेमतेम सहा फुटांचा. देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचं तर माझी पावलं रात्रभर वाटेत बाहेर. येणारा-जाणारा त्यांना धडकायचा आणि वर मलाच "सॉरी काका" म्हणायचा. एकदा मनमाडच्या आसपास चहावाल्याची किटली अंगठ्याला लागली आणि मी पहाटेआधीच जागा झालो. पण रेल्वेत उठता येतं, दाराशी जाऊन उभं राहता येतं, समोरच्याला "तुमच्या बाकावर जरा पाय टेकू का?" असं विचारता येतं. जमिनीवरच्या प्रवासात जागा कमी असली तरी माणसामाणसांत थोडी ढील असते. विमानात ती नसते, हे मला फार उशिरा कळलं.

मान खाली घालून

नांदेडचा विमानतळ २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या वेळी नव्यानं सजला. पण आमच्यासारख्यांचा त्याच्याशी संबंध यायला २७ एप्रिल २०१७ उजाडावं लागलं. त्या दिवशी 'उडान' योजनेतलं नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं. तासाभराच्या प्रवासाला, ठरावीक जागांपुरतं का होईना, अडीच हजारांच्या आत तिकीट! आमची उमरी नांदेडहून हैदराबादकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर. म्हणजे हैदराबादला जायला आधी उलट दिशेनं नांदेड गाठायचं आणि मग आपलं गाव खाली सोडून उडत जायचं. रेल्वेनं पाच-सहा तासांत सुखानं पोचवलं असतं. पण निवृत्त झालो होतो, कौतुक होतं, आणि बायकोला एकदा ढग जवळून बघायचे होते.

विमान एटीआर-७२, पंख्याचं. या विमानाच्या आतली उंची १.९१ मीटर आणि माझी १.९८. म्हणजे मधल्या वाटेत, जिथं छत सर्वांत उंच असतं, तिथंही मी सात सेंटिमीटर जास्तच. मान वाकवून आत शिरलो. मागून बायको म्हणाली, "लग्नात सुद्धा एवढी मान खाली घातली नव्हती तुम्ही." हवाई सुंदरीला मराठी येत असावं, ती खुदकन हसली. मी वाटेकडेच्या जागेवर तिरका बसलो, गाडा आला की पाय आत, गेला की बाहेर. तेवढ्यात हैदराबाद आलं. गुडघे थोडे दुखले, पण मोंढ्यात आठवडाभर सांगायला विषय मिळाला.

चौदा तास

२०१९ च्या जानेवारीत मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं अमेरिकेला निघालो. हैदराबादहून आखातातलं एक शहर आणि तिथून पुढं सलग चौदा तास. तिकिटं जावयानं काढली. जागा निवडायचे पैसे वेगळे पडत होते, ते मीच नको म्हणालो. पस्तीस वर्षं दुसऱ्याच्या वहीत पै-पै जुळवलेला माणूस मी; बसायला जागा तर देतीलच, मग निवडायचे पैसे कशाला? विमानतळावर खिडकीतल्या मुलीला माझ्या उंचीकडे बघायची विनंती केली. तिनं बघितलं. पाय लांब करता येतील अशी जागा शिल्लक आहे, म्हणाली, पण तिचे इतके पैसे पडतील. आकडा ऐकून मनात हिशेब केला. घरचा दोन महिन्यांचा किराणा. नको म्हणालो. आम्हा दोघांना जागाही वेगवेगळ्या मिळाल्या. ती सहा रांगा पुढं, मी तिघांच्या मधोमध.

विमान जमिनीवर होतं तेव्हाच माझ्या गुडघ्यांच्या वाट्या पुढच्या सीटला टेकल्या होत्या. जेवणं झाली, दिवे मंद झाले आणि पुढच्या गृहस्थांनी पाठ मागं टाकली. त्यांचा काय दोष? बटण त्यांना दिलेलंच होतं. माझ्या दोन्ही बाजूची माणसं झोपली. वाटेकडच्याला एकदा उठवलं, त्यानं बिचाऱ्यानं पाय काढून जागा दिली. पुन्हा उठवायची मला लाज वाटली. आपल्यातल्या पुष्कळांना अशी लाज वाटते आणि ती महागात पडते. चौदा तासांत मी दोनदा उठलो.

तिसऱ्या दिवशी डावी पोटरी सुजली. उजवीपेक्षा सरळ दिसेल इतकी जाड, हाताला गरम, दाबली की कळ. मी म्हणालो, थंडीनं झालं असेल, तेल लावून चोळतो. मुलगी नवव्या महिन्यातली. तिनं माझं काही ऐकलं नाही. दवाखान्यात सोनोग्राफीसारखीच, शिरांतून रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी तपासणी झाली. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी होती. डॉक्टरांनी सांगितलं, ही जागेवर राहिली तर पायाचं दुखणं, सुटून फुप्फुसात गेली तर जीवाशी खेळ. चोळली नाहीत हे बरं केलंत. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या तीन महिने घ्याव्या लागल्या.

नातवाला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा माझा डावा पाय उशीवर होता. बायको एक शब्द बोलली नाही. तिनं फक्त एक कागद माझ्यापुढं ठेवला. डाव्या बाजूला जागेचे वाचवलेले पैसे, उजव्या बाजूला विम्यानं न दिलेली दवाखान्याच्या बिलाची रक्कम. मुनिमाच्या बायकोला हिशेब शिकवावा लागत नाही.

विमान नव्हे, बसणं

त्या तीन महिन्यांत दुसरं काम नव्हतं, म्हणून वाचत गेलो. जावई पुस्तकं आणि कागद आणून द्यायचा, अडलेला शब्द मुलगी सांगायची. पहिलं आश्चर्य म्हणजे या दुखण्याचा विमानाशी तसा खास संबंध नाही. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत होते. लोक निवाऱ्याच्या जागी कापडी आरामखुर्च्यांवर बसून रात्री काढत. खुर्चीच्या पुढच्या लाकडाची कड मांडीखाली रुतायची. कीथ सिम्प्सन नावाच्या डॉक्टरांनी त्या वर्षी लिहून ठेवलं की, फुप्फुसात गुठळी अडकून अचानक दगावणाऱ्यांची संख्या वाढली आहे. तिथं ना उंचावरची हवा होती, ना विमान. होतं ते फक्त तासन्‌तास पाय मुडपून बसणं.

पायातलं रक्त वर चढवायला हृदयाला पोटरीच्या स्नायूंची मदत लागते. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते, सुटते, आणि शिरांतलं रक्त वर ढकललं जातं. विहिरीवरच्या हातपंपासारखंच ते. बसून राहिलं की दांडा थांबला. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली जाहीर केलेल्या पाहणीचा निष्कर्ष असा, की चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केला तर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. मग ते विमान असो, रेल्वे असो, बस असो की मोटार. मात्र घाबरून घरी बसावं असंही नाही. निरोगी माणसांत हे प्रमाण सहा हजारांत एकाच्या आसपास आहे.

पण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या हॉलंडमधल्या एका पाहणीनं मला खुर्चीत सरळ बसवलं. १९० सेंटिमीटरपेक्षा उंच माणसांना प्रवासात हा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, असं त्यात आढळलं होतं. इथवर माझी गोष्ट. पुढं असंही होतं, की विमानप्रवासात १६० सेंटिमीटरपेक्षा ठेंगण्या माणसांनाही तो जास्त असतो. ते मी मोठ्यानं वाचलं, कारण माझी बायको चार फूट अकरा इंच आहे. खुर्चीवर बसली की तिचे पाय अधांतरी राहतात आणि सीटची कड मांडीखाली रुतते. म्हणजे लंडनची तीच आरामखुर्ची! ती म्हणाली, "मला वाटलं, माझेच पाय आखूड. कुणाला सांगायचं, म्हणून बोलले नाही." ज्या खुर्चीत माझे गुडघे मावत नव्हते, त्याच खुर्चीत तिचे पाय पुरत नव्हते. मग ती खुर्ची नेमकी कुणाच्या मापाची?

टेलरमास्तरांचा टेप

उमरीला परतल्यावर टेलरमास्तरांकडे गेलो. माझ्या पँटी ते चाळीस वर्षं शिवतात. कापड जास्त लागतं, शिलाई मात्र इतरांइतकीच घेतात. सगळी हकिकत ऐकून त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि पाठीच्या टोकापासून गुडघ्याच्या टोकापर्यंत टेप धरला. अडुसष्ट सेंटिमीटर. "मुनीमजी, इतकी वर्षं मी तुमचं उभ्याचं माप घेतलं," मास्तर टेप गुंडाळत म्हणाले. "बसल्याचं माप कुणी घेतं का हो?"

घेतात. आपलं हवाई दल घेतं. लढाऊ वैमानिक व्हायला येणाऱ्या मुलाची उंची पुरेशी आहे का, एवढंच तिथं पाहत नाहीत. पायाची लांबी १२० सेंटिमीटरहून जास्त नको, बसल्यावरची उंची ९६ हून जास्त नको आणि मांडीची लांबी ६४ हून जास्त नको. कारण उघड आहे. संकटात वैमानिक खुर्चीसकट बाहेर फेकला जातो, तेव्हा गुडघे पुढच्या फळीवर आपटता कामा नयेत. म्हणजे विमान उडवणाऱ्याची मांडी सेंटिमीटरमध्ये मोजली जाते. प्रवासी विमानात माझी बॅग मोजतात, तिचं वजन करतात, किलोभर जास्त भरलं तर पैसे घेतात. मांडी कुणीच मोजत नाही. माझी मांडी त्या नियमापेक्षा चार सेंटिमीटर लांब आहे आणि तिनं चौदा तास बसायचं असतं.

एका इंचाचा हिशेब

विमानातली जागा 'पिच'मध्ये मोजतात. एका सीटवरचा एक बिंदू धरायचा आणि पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंत अंतर मोजायचं. साध्या वर्गात एके काळी चौतीस-पस्तीस इंच असायचे. आज स्वस्त तिकिटांच्या विमानांत अठ्ठावीस ते तीस इंच सर्रास असतात. माझे अडुसष्ट सेंटिमीटर म्हणजे पावणेसत्तावीस इंच. अठ्ठावीसमधून पावणेसत्तावीस गेले, उरला सव्वा इंच. आणि त्या सव्वा इंचात पुढच्याच्या सीटची पाठ बसवायची! हल्ली सीटच्या पाठी पातळ केल्या आहेत हे खरं, पण अजून कोणी त्या पुठ्ठ्याच्या केलेल्या नाहीत.

हे इंच कुठं गेले, ते मुनिमाला विचारा. समजा, विमानात तीस रांगा आहेत. प्रत्येक रांगेतून एक इंच काढला, की तीस इंच झाले. तीस इंचांत एक अख्खी नवी रांग बसते. एका रांगेत सहा माणसं, म्हणजे दर फेरीला सहा तिकिटं जास्त. दिवसाच्या चार-पाच फेऱ्या धरा आणि वर्षाचा ताळा तुम्हीच करा. मी या हिशेबाला सरसकट नावं ठेवणार नाही. असल्या हिशेबांनीच तिकीट उतरलं आणि तिकीट उतरलं म्हणून मोंढ्यातला मुनीम विमानात बसला. पण मोंढ्यात व्यापारी मालावर कडता धरतो, तेव्हा त्याच्यावर कुणाची तरी नजर लागते. म्हणून तर बाजार समिती असते. गुडघ्यांच्या कडत्यावर नजर कुणाची?

अमेरिकेत 'फ्लायर्स राइट्स' ही प्रवाशांची संघटना हा प्रश्न घेऊन न्यायालयात गेली. २०१७ साली तिथल्या अपील न्यायालयानं विमान प्रशासनाला या आक्रसत चाललेल्या जागांचा पुन्हा विचार करायला सांगितलं. २०१८ साली तिथल्या संसदेनं, सीटची किमान मापं ठरवा, असा कायदाच केला. मग प्रशासनानं ओक्लाहोमा सिटीत सातशेहून अधिक स्वयंसेवक बसवून विमान रिकामं करायच्या चाचण्या घेतल्या. भरलेलं विमान, निम्मी दारं बंद असताना, नव्वद सेकंदांत रिकामं झालं पाहिजे असा जुना दंडक आहे. जागा कमी असूनही माणसं वेळेत बाहेर पडली, असा निष्कर्ष निघाला. पण त्या स्वयंसेवकांत साठीपुढचं कुणी नव्हतं, लेकरं नव्हती, अधू माणसं नव्हती. २०२३ साली न्यायालयानंही किमान मापाची सक्ती करायला नकार दिला. मला वाटतं, चूक प्रश्नातच आहे. नव्वद सेकंदांत बाहेर पडता येतं का, एवढंच विचारलं. त्याआधी चौदा तास आत बसता येतं का, हे विचारायचं राहूनच गेलं.

नियम नसला की माणसं आपसांत निस्तरायला बघतात. सव्वासहा फुटी एका अमेरिकन गृहस्थानं २००३ साली 'नी डिफेंडर' नावाचे प्लॅस्टिकचे दोन चाप विकायला काढले. ते जेवणाच्या फळीला लावले की पुढच्याची पाठ मागं येत नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये याच चापांवरून दोन प्रवाशांची जुंपली, पाणी फेकण्यापर्यंत गेली, आणि डेन्व्हरला निघालेलं विमान मध्येच शिकागोला उतरवावं लागलं. दोघांनीही आपापल्या जागेचे पूर्ण पैसे भरले होते. एकाला पाठ मागं टाकायचा हक्क विकला होता, दुसऱ्याला गुडघे ठेवायचा. आणि जागा होती एकच.

दोघींचा चहा

मनात आणलं तर काय होऊ शकतं, याचंही उदाहरण आहे. तुर्कस्तानची रुमेयसा गेल्गी ही गिनेस बुकातली जगातली सर्वांत उंच स्त्री. उंची २१५ सेंटिमीटर. ही उंची तिला हाडांची वाढ अवाजवी होणाऱ्या एका दुर्मिळ विकारानं आली आहे. तिच्या पाठीचा कणा वाकडा आहे, खुर्चीत फार वेळ बसता येत नाही. पंचविशीपर्यंत तिनं विमान आतून पाहिलं नव्हतं. २०२२ साली टर्किश एअरलाइन्सनं साध्या वर्गातल्या सहा सीट काढून तिच्यासाठी स्ट्रेचर बसवला आणि ती इस्तंबूलहून सॅन फ्रान्सिस्कोला तेरा तास आडवी पडून गेली. ज्या हिशेबात एक इंच सुटत नाही, त्यात सहा जागा सुटल्या!

दोन वर्षांनी, २०२४ च्या नोव्हेंबरात, ती लंडनला गेली. तिथल्या सॅव्हॉय हॉटेलात तिनं चहा घेतला तो आपल्या नागपूरच्या ज्योती आमगे यांच्यासोबत. ज्योती या जगातल्या सर्वांत ठेंगण्या स्त्री, उंची ६२.८ सेंटिमीटर. दोघींमध्ये जवळजवळ पाच फुटांचा फरक. तो फोटो बायकोनं मला दाखवला आणि म्हणाली, "बघा, आपल्यापेक्षा जास्त अंतर असलेल्या दोघी एका टेबलाशी बसल्या की नाही?"

पुन्हा एकदा

मुलीला दुसरं लेकरू होणार होतं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात निघायचं ठरलं. मी साफ नाही म्हणालो. पाय आठवला की पोटात गोळा यायचा. बायको म्हणाली, "ठीक आहे. तुम्ही राहा, मी एकटी जाते." आयुष्यात एकदाच विमानात बसून आलेली, इंग्रजीचा गंध नसलेली बाई एवढं म्हणते, तेव्हा नवऱ्यापुढं फारसा पर्याय राहत नाही.

या वेळी आधी नांदेडच्या डॉक्टरांकडे गेलो. पूर्वी गुठळी झालेली, म्हणून त्यांनी घट्ट मोजे मापानं घ्यायला लावले आणि औषधाचं वेगळं ठरवून दिलं. इतरांसाठी त्यांनी सांगितलेलं साधं आहे, म्हणून इथं देतो. लांबच्या प्रवासात, मग ती रात्रीची ट्रॅव्हल्स का असेना, दर तास-दीड तासानं उठा. उठता येत नसेल तर टाचा वर, चवडे वर, असं बसल्या जागी करत राहा. पाणी प्या. पाय अडकतील अशी बॅग पायांशी ठेवू नका. प्रवासानंतर एकच पोटरी सुजली, दुखली, किंवा अचानक धाप लागली, छातीत कळ आली, तर तेल लावत बसू नका, दवाखाना गाठा. आणि मनानं गोळ्या घेऊ नका.

जागेचंही आधी विचारलं. संकटकाळच्या दाराजवळची जागा ऐसपैस असते, पण ती पाय पसरायला ठेवलेली नसते. वेळ आली तर तिथल्या माणसानं दार उघडून लोकांना बाहेर काढायचं असतं. सहासष्ट वर्षांच्या, एकदा पाय धरलेल्या माणसानं ती मागू नये, असं माझं मलाच वाटलं. मग चौदा तासांच्या टप्प्यासाठी जास्तीचे पैसे भरून पुढची मोकळी जागा घेतली, बायकोची शेजारी. पैसे भरताना हात आखडला, हे कबूल करतो. माझी उंची मी दुकानातून निवडून आणलेली नाही. तिचं भाडं का भरायचं, हा प्रश्न मनातून गेला नाही, जाणारही नाही. कंपन्यांनी निदान तिकिटावर सीटमधलं अंतर इंचांत छापावं आणि मोकळी जागा रिकामीच जाणार असेल तर ती ज्याचे गुडघे अडतात त्याला द्यावी. एवढं मागणं फार नसावं.

हैदराबादपासून आखातापर्यंतचा चार तासांचा टप्पा मात्र साध्या जागांवरच होता. मी वाटेकडेला, ती माझ्या उजवीकडे. बसलो, आणि गुडघे पुन्हा पुढच्या सीटला टेकले. तिचे पाय नेहमीसारखे अधांतरी. तिच्यासमोर खाली सगळी जागा रिकामी होती. थोडा वेळ तिनं माझी चुळबुळ पाहिली आणि म्हणाली, "तो पाय इकडं सोडा की." मी उजवा पाय तिरका तिच्या सीटपुढं सरकवला. गुडघा सुटला. तिनं चपला काढल्या आणि दोन्ही पावलं माझ्या बुटावर टेकवली. तिच्या मांडीखाली रुतणारी कडही सुटली असावी, कारण तिनं मान मागं टाकली आणि डोळे मिटले.

मला माजघराच्या चौकटीवरची वाकळ आठवली. मग घड्याळात तास भरला, तशी तिची पावलं हळूच बाजूला करून मी चालायला उठलो.